नागपूर ते जर्मनी: व्हिसा हातात आल्यापासून पहिल्या चौदा दिवसांपर्यंत

जर्मनीत शिकायला जाण्याचा व्हिसा लागलेला पासपोर्ट घरी आला की पेढे वाटायच्या आधी स्टिकर नीट वाचा. नावाचं स्पेलिंग, पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, व्हिसाचा प्रकार ‘डी’ म्हणजे दीर्घ मुक्कामाचा आहे ना, आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत तो चालतो, हे सगळं. वैधता सुरू होण्याच्या आदल्या रात्री अकराला उतरलात तरी आत घेत नाहीत, म्हणून तिकीट ही तारीख पाहूनच काढा. शेवटची तारीख डायरीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. तिचं काम पुढे पडणार आहे.

पहिल्या दोन आठवड्यांत मुलांची जी धावपळ होते ती भाषेमुळे कमी आणि कामांचा क्रम चुकल्यामुळे जास्त होते. जर्मनीत प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. घरमालकाच्या सहीचा दाखला नसेल तर पत्त्याची नोंदणी होत नाही. नोंदणी नसेल तर बँकेचं खातं अडकतं. खातं नसेल तर ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे व्हिसासाठी वर्षाचा खर्च आधीच भरून ठेवलेल्या आणि दर महिन्याला ठरावीक रक्कमच सोडणाऱ्या खात्यात, ठेवलेले तुमचेच पैसे तुम्हाला मिळत नाहीत, आणि तोवर भाड्याची तारीख येऊन ठेपते. या सगळ्याचं मूळ एकच आहे, पत्ता. म्हणून तयारीची सुरुवातही तिथूनच करायची.

आधी घर

प्रवेशपत्र आल्याच्या दिवशीच त्या शहराच्या ‘श्टुडीरेंडेनवेर्क’कडे होस्टेलसाठी अर्ज टाका. विद्यार्थ्यांच्या निवासाची आणि मेसची व्यवस्था पाहणारी ही संस्था असते. तिथली खोली सहसा खासगी खोलीपेक्षा स्वस्त पडते आणि म्हणूनच प्रतीक्षा यादी लांब असते. व्हिसा आल्यावर अर्ज करणाऱ्याला पहिलं सेमिस्टर बहुधा बाहेरच काढावं लागतं.

खासगी किंवा तात्पुरती खोली घेत असाल तर पैसे देण्याआधी ईमेलवर एक प्रश्न विचारा: ‘वोनुंग्सगेबरबेष्टेटिगुंग’ द्याल का? ही व्यक्ती अमुक तारखेपासून माझ्या जागेत राहायला आली, असा घरमालकाच्या सहीचा तो एक पानी दाखला. नोंदणीला हाच लागतो, नुसता भाडेकरार चालत नाही. सुट्टीसाठी भाड्याने मिळणाऱ्या अनेक खोल्यांचे मालक तो देत नाहीत. मग महिनाभर राहूनही तुम्ही सरकारदरबारी बिनपत्त्याचेच राहता.

फसवणूक ओळखायची खूण सोपी आहे. खोली शहराच्या मधोमध, भाडं निम्मं, मालक सध्या दुसऱ्या देशात, आणि अनामत रक्कम पाठवली की चावी पोस्टाने येणार. असा निरोप आला की तिथेच थांबा. त्या शहरात शिकणाऱ्या कुणाला तरी जागा बघून यायला सांगितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. अनामत रकमेला कायद्याने मर्यादा आहे: हीटिंग वगैरे खर्च वगळून जे मूळ भाडं असतं, त्याच्या तिप्पट. ती तीन हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्कही आहे.

होस्टेल मिळालं असेल तर चावी कोण देणार आणि कधी, हे लेखी घ्या. चावी ‘हाउसमाइस्टर’ म्हणजे इमारतीच्या केअरटेकरकडे असते आणि त्याची वेळ बऱ्याचदा कामाच्या दिवशी सकाळी दोन-तीन तासच असते. शुक्रवारी संध्याकाळी पोचणारा विद्यार्थी सोमवारपर्यंत बाहेर राहतो. त्यात रविवारी दुकानं बंद आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी. मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी उतरणारं तिकीट चार-पाच हजारांनी महाग असलं तरी तेच घ्या.

पैसे

१ सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो ठेवावे लागतात, म्हणजे महिन्याला ९९२. घरच्यांचा समज असा होतो की पैसे तिकडे आधीच गेलेत, आता काळजी नाही. पण पहिला हप्ता हाती येईपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात, आणि सगळ्यात जास्त खर्च नेमका त्याच आठवड्यांत असतो: अनामत, पहिलं भाडं, विद्यापीठाची सेमिस्टर वर्गणी, विमा, गादी-उशी, भांडीकुंडी. त्यासाठी दीड ते दोन हजार युरोंची सोय वेगळी हवी. कर्ज काढताना बँकेला हा आकडा सुरुवातीलाच सांगा, नंतर वाढवून घेणं फार जिकिरीचं होतं.

ही रक्कम तीन ठिकाणी विभागा. तीनशे ते पाचशे युरो रोख, तेही पाच, दहा, वीस आणि पन्नासच्या नोटांत, कारण मोठी नोट छोट्या दुकानात घेत नाहीत. बाकीचे फॉरेक्स कार्डावर. पण फॉरेक्स कार्डाने घरमालकाच्या खात्यात रक्कम पाठवता येत नाही. तिकडे भाडं बँकेतून बँकेत जातं. म्हणून अनामत आणि पहिलं भाडं निघण्याआधीच नागपूरच्या बँकेतून पाठवून मोकळे व्हा. आपल्या शाखेत परकीय चलनाचं काम होतं का, हे आधी विचारा. पुष्कळदा ते मोठ्या शाखेतच होतं. अर्जावर शिक्षणासाठीचा हेतू कोड, म्हणजे एस०३०५, पडलाय ना ते बघा. तो चुकला तर कर कापण्याचा हिशेबही चुकतो.

दुसरं काम मोबाइलचं. बँकेचे ओटीपी इथल्या नंबरवर येतात. ते सिम बंद पडलं की तुमचं भारतीय खातं तुमच्याच हातून जातं. नागपुरात असतानाच आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करा, सिम चालू ठेवणारा स्वस्त प्लॅन घ्या आणि दर महिन्याला रिचार्ज करायची जबाबदारी घरात एकाला नेमून द्या. बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांचं रुपयांतलं खातं, करायचा फॉर्मही जाण्याआधी भरता येतो, कारण शिक्षणासाठी परदेशी जाणारा विद्यार्थीही परकीय चलन कायद्यात अनिवासी धरला जातो.

बॅग भरताना

मूळ कागद फक्त केबिन बॅगेत ठेवायचे: पासपोर्ट, प्रवेशपत्र, एपीएस प्रमाणपत्र (भारतीय शैक्षणिक कागदांच्या पडताळणीचं), डिग्री, सगळ्या गुणपत्रिका, ब्लॉक्ड अकाउंटचं पत्र, विम्याचं पत्र, भाडेकरार. झेरॉक्सचा एक संच चेक-इन बॅगेत, स्कॅन फोनमध्ये इंटरनेटशिवाय उघडतील असे, आणि एक संच घरी. पदवी अजून विद्यापीठातून यायची असेल तर प्रोव्हिजनल घ्या आणि मूळ पदवी कोण कधी आणणार ते आत्ताच ठरवा. परीक्षा विभागातलं काम फोनवरून होत नाही, आई-बाबांना अधिकारपत्र लिहून देऊन जा.

वजनाचं गणित तिकिटावर आहे. नागपूर ते जर्मनी एकाच पीएनआरवर असेल तर आंतरराष्ट्रीय तिकिटाची सामान-मर्यादा सहसा नागपूरपासूनच लागू होते. मुंबईपर्यंतचं तिकीट वेगळं काढलंत तर त्या टप्प्यावर बहुधा १५ किलोच मिळतात आणि उरलेल्या वजनाचे पैसे दर किलोमागे भरावे लागतात. कोणतीही एक बॅग ३२ किलोच्या वर जाता कामा नये. आमचं मत विचाराल तर परवानगी असली तरी तीस किलोची एक बॅग नेऊच नका. रेल्वे स्थानकावरची लिफ्ट बंद असते आणि जिना तुम्हालाच चढायचा असतो. दोन मध्यम बॅगा बऱ्या.

खाण्याच्या सामानात सगळ्यात जास्त चुका होतात, आणि त्या मायेपोटी होतात. म्हणून बॅग बंद करण्याआधी आईला हे वाचून दाखवा.

सुकं खोबरं चेक-इन सामानात चालत नाही. त्यात तेल असतं आणि ते पेट घेऊ शकतं. कापूर आणि काडेपेटीही नाही, त्यामुळे देवाच्या पिशवीतून दोन्ही काढा. पॉवर बँक उलट फक्त केबिन बॅगेत, आणि १०० वॉट-तासांच्या आतली, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. तिखट आणि मसाले केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, ते चेक-इनला टाका. लोणचंही तिथेच, आधी पिशवीत, मग डब्यात, मग पुन्हा पिशवीत.

आखाती देशातून विमान बदलणार असाल तर खसखस अजिबात नको. संयुक्त अरब अमिरातीत ती बंदी असलेल्या अमली पदार्थांत मोडते. सावजी मसाल्यासाठी सुटी खसखस बांधून देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ती पुडी घरीच राहू द्या.

युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याची मिठाई नाही. ताजी फळं न्यायची तर वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. केळी, अननस, नारळ अशा मोजक्या फळांना सूट आहे, संत्र्याला नाही. नागपूरचं संत्रं नागपुरातच खाऊन निघा.

मग न्यायचं काय? इतवारीतून घेतलेला मसाला अर्धा किलो पुरे, सहा महिने जातो. मुंगवड्या, सांडगे, भाजलेलं बेसन, मेतकूट, दोन किलो पोहे. डाळ-तांदूळ तिकडच्या आशियाई दुकानांत मिळतात, त्यात वजन घालवू नका. कुकर नेणार असाल तर आधी शेगडी कोणती आहे ते विचारा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. काचेखाली तार लाल होणाऱ्या इलेक्ट्रिक शेगडीवर तापतो. इंडक्शन बेसचा स्टीलचा तीन लिटरचा कुकर दोन्हीवर चालतो. सोबत जादा रबर आणि सेफ्टी व्हॉल्व्ह ठेवा, ते तिकडे शोधत फिरावं लागतं.

आपला जाड तीन पिनांचा प्लग तिकडच्या सॉकेटमध्ये जात नाही. फोनच्या चार्जरची बारीक दोन पिनांची जोडी जाते. दाब २३० व्होल्टच आहे, त्यामुळे ट्रान्सफॉर्मर नको. एक ॲडॉप्टर आणि एक भारतीय एक्स्टेन्शन बोर्ड घेतला की काम भागतं.

नागपूरच्या डिसेंबरसाठी घेतलेलं जॅकेट तिकडच्या डिसेंबरला पुरत नाही आणि सप्टेंबरात नागपुरात जाड कपडे धड मिळतही नाहीत. दोन जोड थर्मल आणि एक स्वेटर न्या, मुख्य जॅकेट आणि बूट तिथे पोचल्यावर घ्या. होस्टेलच्या खोलीत गादी असली तरी अंथरूण-पांघरूण बहुधा नसतं. एक सोलापुरी चादर केबिन बॅगेत वरच ठेवा, पहिल्या रात्री हीच कामी येते.

नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह आणि मूळ वेष्टनात. चष्मा असेल तर दुसरा जोड करून घ्या. अँटिबायोटिक तिकडे चिठ्ठीशिवाय मिळत नाही. बिनलेबलची चूर्णं नकोत.

नागपूर सोडताना

नागपूरहून दोह्याचं थेट विमान तुमच्या तारखेला असेल आणि दर परवडत असेल तर तेच घ्या. इमिग्रेशन नागपुरातच होतं, घरचे दारापर्यंत सोबत असतात आणि बॅगा थेट जर्मनीत मिळतात. नाही तर मुंबई किंवा दिल्ली.

मुंबईला देशांतर्गत विमान टर्मिनल १ ला उतरतं की २ ला, हे तिकिटावर बघा. दोन्हींमध्ये रस्त्याने जावं लागतं आणि गर्दीच्या वेळी, पावसात, तेवढ्यासाठी पाऊण तासही लागतो. दोन वेगळी तिकिटं असतील तर मध्ये किमान सहा तास ठेवा. पहिलं विमान उशिरा आलं म्हणून दुसरी कंपनी थांबत नाही आणि पैसेही परत देत नाही. सप्टेंबरअखेर मुंबईत पाऊस असतो, डिसेंबर-जानेवारीत दिल्लीत धुकं. अशा दिवसांत एक रात्र आधीच पोचणं शहाणपणाचं.

रेल्वेने जाणाऱ्यांनी विदर्भ एक्स्प्रेसला सीएसएमटीपर्यंत बसून राहू नये, ठाण्याला किंवा दादरला उतरलं की विमानतळ जवळ पडतो. घाटात पावसाने गाडी रखडते, म्हणून विमान त्याच रात्रीचं असेल तर आदल्या दिवशीची गाडी धरा. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे आणि जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे, पण तो भिवंडीजवळ आमणेला संपतो. खरी गर्दी त्याच्या पुढे लागते. निरोप द्यायला अख्खी गाडी भरून निघणार असाल तर चालक दोन ठेवा, रात्रीच्या सरळ रस्त्यावर डोळा लागतो.

उतरल्यावर

इमिग्रेशनच्या खिडकीवर पासपोर्ट आणि प्रवेशपत्र द्या. काय शिकणार, कुठे राहणार, खर्च कसा, एवढंच बहुतेक विचारतात. पत्ता तोंडपाठ हवा.

पुढची रेल्वे आधी बुक करताना दोन गोष्टी सांभाळा. स्वस्त ‘श्पारप्राइस’ तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं, विमान उशिरा आलं तर ते वाया. ‘फ्लेक्सप्राइस’ महाग असतं पण त्या दिवशी कोणत्याही गाडीला चालतं. पहिल्या प्रवासाला तेच घ्या, किंवा उतरल्यावर चार तासांनंतरची गाडी धरा. दुसरं, फ्रँकफुर्ट नावाची शहरं दोन आहेत. विमानतळ असलेलं माइन नदीवरचं. ओडर नदीवरचं पार पोलंडच्या सीमेला आहे.

विनातिकीट सापडलात तर ६० युरो दंड. यंत्रातून काढलेल्या काही शहरी तिकिटांवर शिक्का मारावा लागतो. शिक्का नसलेलं तिकीट म्हणजे तिकीट नाहीच. देशभरच्या लोकल आणि बससाठीचं ‘डॉइचलांडटिकेट’ जानेवारी २०२६ पासून महिन्याला ६३ युरो आहे, पण घेण्याआधी विद्यापीठाला विचारा. अनेक ठिकाणी ते सेमिस्टर वर्गणीत सवलतीत मिळतं.

खोलीत शिरलात की सामान उघडण्याआधी फोटो काढा: भिंती, नळ, गादी, खिडकीची कडी, शेगडी. आधीपासूनचे डाग आणि मोडतोड त्याच दिवशी ईमेलने कळवा. सोडताना अनामत याच्यावरूनच कापली जाते.

आणि मग लेटरबॉक्सवर नाव लावा. हे किरकोळ वाटतं, पण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे. तिकडे पोस्टमन फ्लॅट क्रमांक बघत नाही, आडनाव बघतो. नाव नसेल तर पत्र परत जातं. बँकेचं कार्ड, त्याचा पिन वेगळ्या दिवशी वेगळ्या पाकिटात, कर क्रमांक, विम्याचं कार्ड, सगळं पोस्टानेच येतं. पासपोर्टवर आहे तेच आडनाव, त्याच स्पेलिंगमध्ये लिहा. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं असतं आणि काहींच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असते. अशांनी पाकिटावर कोणतं नाव येणार हे बँकेला विचारून तेही बॉक्सवर चिकटवावं.

मग क्रमाने

राहायला आल्यापासून दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करायची असते, तिला ‘आनमेल्डुंग’ म्हणतात. मोठ्या शहरांत वेळ मिळत नाही ही खरी अडचण. नागपुरात असतानाच महापालिकेच्या साइटवर वेळ घ्यायचा प्रयत्न करा. नाहीच मिळाली तर सकाळी कार्यालय उघडायच्या सुमारास पुन्हा बघा, रद्द झालेल्या वेळा दिसतात. शहरातलं कोणतंही नोंदणी कार्यालय चालतं, घराजवळचंच हवं असं नाही. पासपोर्ट, घरमालकाचा दाखला आणि भरलेला अर्ज न्या. धर्माच्या रकान्यात काय लिहिता ते नीट पाहून लिहा, कारण नोंदणीकृत चर्चचा सदस्य लिहिलं तर पुढे पगारातून चर्च कर कापला जातो. नोंदणीचा कागद मिळाला की तिथेच उभं राहून नावाचं स्पेलिंग तपासा.

त्यानंतर बँक खातं, आणि खात्याचा आयबीएएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, मिळताच ब्लॉक्ड अकाउंट सुरू करायची विनंती. काही ऑनलाइन बँका नोंदणीआधीही खातं देतात, पण कार्ड पोस्टानेच येतं, म्हणून पुन्हा तो लेटरबॉक्स.

विम्याचं काम याच्याबरोबरीने चालू ठेवा. तिशीच्या आतल्या विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य विमा मिळतो, हप्ता महिन्याला साधारण दीडशे युरोच्या आसपास. विमा कंपनी विद्यापीठाला थेट ऑनलाइन कळवते आणि ते कळवल्याशिवाय प्रवेश पक्का होत नाही. कंपनीला विद्यापीठाचं नाव सांगून निरोप पाठवायला लावा आणि दोन दिवसांनी विद्यापीठात पोचला का ते विचारा. सार्वजनिक विमा सुरू होईपर्यंतच्या दिवसांसाठी प्रवास विमा लागतोच. सेमिस्टर वर्गणी भरताना पत्रात दिलेला संदर्भ क्रमांक जसाच्या तसा टाका. तो चुकला की पैसे विद्यापीठात पोचतात पण तुमच्या नावावर पडत नाहीत.

नोंदणीनंतर दोन-तीन आठवड्यांत कर क्रमांकाचं पत्र येतं. कामावर घेणारे तो मागतात, त्यामुळे पहिले दोन महिने कमाई धरू नका. वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं आणि जानेवारी २०२६ पासून किमान वेतन तासाला १३.९० युरो आहे.

याच सुमारास रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिन्याला १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून फेकून देऊ नका, तरी ते लागतंच. पण शुल्क एका घराला एकच असतं. चौघं मिळून राहत असाल तर जो भरतो त्याचा क्रमांक कळवा आणि रक्कम वाटून घ्या.

रोजच्या जगण्यातल्या गोष्टी पटकन सांगतो. नळाचं पाणी पिता येतं. बाटलीवर २५ सेंटपर्यंत अनामत असते, ती सुपरमार्केटमधल्या यंत्रात परत मिळते. कचरा कागद, ओला, प्लास्टिक आणि उरलेला असा वेगळा करतात. रात्री दहानंतर मिक्सर लावू नका. आणि खिडकी उघडल्याशिवाय मिरचीची फोडणी देऊ नका, धुराचा अलार्म वाजला की इमारत रिकामी होते आणि अग्निशमन दलाचं बिल येऊ शकतं. आग आणि रुग्णवाहिकेसाठी ११२, पोलिसांसाठी ११०, रात्री-अपरात्री तातडीचं नसलेलं दुखणं असेल तर ११६११७.

घरी फोन करायची वेळ ठरवून घ्या. उन्हाळी वेळेत आपण साडेतीन तास पुढे असतो आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून साडेचार. तिकडचे संध्याकाळचे सहा म्हणजे नागपुरात साडेनऊ, जेवणं आटोपलेली असतात. पहिल्या आठवड्यात रोज बोला, भले पाच मिनिटं. बर्लिन, म्युनिक, फ्रँकफुर्टसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत. दिवाळी त्याच दिवसांत येते, त्यांना आधीच कळवून ठेवा. एकट्याने खोलीत बसून फराळाचे फोटो बघण्यापेक्षा चार माणसांत गेलेलं केव्हाही चांगलं.

आता डायरीतली ती तारीख काढा. व्हिसा संपण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्याचा अर्ज पोचला पाहिजे. मुलाखतीची वेळ मिळायला कित्येक महिने लागू शकतात, म्हणून आनमेल्डुंग आणि विद्यापीठाचा दाखला हातात आल्याच्या आठवड्यातच अर्ज करा. अर्ज वेळेत गेला असेल तर निर्णय होईपर्यंत तुमचं राहणं कायदेशीर धरतात आणि मागितल्यास तसं प्रमाणपत्र देतात. ते हाती नसताना, व्हिसा संपलेला असताना, भारतात यायचं तिकीट काढू नका. अर्जाची पोच, ईमेल असो की स्क्रीनशॉट, छापून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. निवास परवान्याच्या कार्डाचं शुल्क १०० युरो आहे, तेवढे बाजूला काढून ठेवा.